कॉर्टिसोल वाढलेलं आलं म्हणजे बायपोलर नक्की झालं का?

तुम्ही लिहिलंय की धाकट्या भावाला बायपोलर (मूड कधी खूप चढतो, कधी खूप पडतो तो आजार) असल्याचं डॉक्टरांनी सांगितलंय, घरात कुणाला ते पटत नाहीये, म्हणून तुम्ही बाहेरच्या बाहेर त्याचं सकाळचं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, तपासून घेतलं, ते रेंजच्या थोडं वर आलं, तर आता हा पुरावा धरायचा का आणि कॉर्टिसोल खाली आणलं तर गोळ्या टळतील का. दोन्हीचं उत्तर नाही असंच आहे, पण नुसतं नाही म्हणून सोडलं तर तुमच्या हाताला काहीच लागणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. मला स्वतःला बायपोलर वन, म्हणजे मूड पार टोकाला चढणारा प्रकार, आहे, निदान होऊन चौदा वर्षं झाली, आणि या कॉर्टिसोलच्याच जातीच्या औषधाने मी एकदा चांगलीच पोळलेय, ते पुढे सांगते.

आधी हे हार्मोन चालतं कसं ते बघा. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्युटरी एसीटीएच नावाचं हार्मोन सोडते, ते रक्तातून किडनीच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींपर्यंत जातं आणि तिथून कॉर्टिसोल सुटतं. ते पुरेसं झालं की तेच कॉर्टिसोल उलट मेंदूकडे जाऊन सांगतं, आता बास. सगळी मेख या "आता बास" मध्ये आहे. गंभीर मूडच्या आजारात बऱ्याच जणांचा हा ब्रेक सैल पडलेला दिसतो, म्हणजे कॉर्टिसोल असतं तरी ते बनायचं लवकर थांबत नाही.

दुसरं म्हणजे ते दिवसभर एका पातळीवर नसतंच. पहाटे चढायला लागतं, जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात आणखी वर जातं, मग दिवसभर उतरत उतरत मध्यरात्रीच्या सुमाराला तळाला पोचतं. आता तुमच्या भावाचं सॅम्पल घेतलं तेव्हा तो उठून किती वेळ झाला होता, आदल्या रात्री झोपला होता का, सुईची भीती वाटते का, ताप-सर्दी काही होतं का, हे त्या रिपोर्टवर कुठेच नाही. बाईचं सॅम्पल असेल आणि ती इस्ट्रोजेनवाल्या गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल तर नुसत्या त्यानेही रक्तातलं एकूण कॉर्टिसोल जास्त दिसतं. म्हणजे एका सकाळचा एक आकडा, त्यातून आजार आहे हेही ठरत नाही आणि आजार नाही हेही नाही.

आणि कॉर्टिसोलवरून मानसिक आजार ओळखायचा प्रयत्न आधी झालेला नाही असं नाही बरं का. बर्नार्ड कॅरोल नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांनी १९६०च्या दशकापासून यावर काम केलं. रात्री ११ वाजता १ मिलिग्रॅम डेक्सामिथासोनची गोळी द्यायची, ते कॉर्टिसोलसारखं काम करणारं कृत्रिम स्टिरॉइड, त्यामुळे मेंदूला वाटतं की कॉर्टिसोल भरपूर आहे आणि दुसऱ्या दिवशी शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल दबलं पाहिजे. ज्यांचं दबत नाही त्यांचा ब्रेक सैल. १९८१ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मेलँकोलिया, म्हणजे खोल डिप्रेशनसाठी ही टेस्ट मांडली तेव्हा आकडे असे होते की आजार असलेल्या साधारण ६७ टक्के लोकांत ती पॉझिटिव्ह येत होती आणि ती पॉझिटिव्ह आली की चुकण्याची शक्यता खूप कमी होती. मानसिक आजाराला रक्ताची तपासणी मिळाली म्हणून केवढी आशा लागली असेल लोकांना, मला विचार करूनच भरून येतं. पण टेस्ट सगळीकडे वापरात आली तशी ती डिमेन्शियात पॉझिटिव्ह यायला लागली, दारू सोडताना यायला लागली, वजन झपाट्याने उतरलं की यायला लागली, आणि काही वर्षांत निदानासाठी ती मागे पडली. तीच टेस्ट आज कुशिंग सिंड्रोम, म्हणजे कॉर्टिसोल प्रमाणाबाहेर वाढण्याचा आजार, शोधायला रोज वापरतात, तिथे ती उत्तम चालते. (भावाचा चेहरा गोल होत चाललाय, पोटावर जांभळट रुंद पट्टे आलेत, जरा लागलं तरी काळंनिळं होतंय असं काही असेल तर मात्र हा वाढलेला आकडा एंडोक्रायनॉलॉजिस्टला, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना, जरूर दाखवा, तो वेगळा विषय आहे.)

मग बायपोलरचा आणि कॉर्टिसोलचा संबंधच नाही का? आहे, चांगला आहे. बायपोलर असलेल्यांचा गट आणि नसलेल्यांचा गट अशी तुलना केली की सरासरी कॉर्टिसोल पहिल्या गटात जास्त निघतं, मॅनियामध्ये, म्हणजे मूड प्रमाणाबाहेर चढलेला असताना, फरक जास्त ठळक असतो, आणि मूड ठीक असतानाही काहींचा तो ब्रेक सैलच राहतो. आई किंवा वडिलांना बायपोलर आहे पण स्वतःला काही झालेलं नाही अशा मुलांमध्येही दिवसभराचं कॉर्टिसोल किंचित चढं दिसलंय. पण हे सगळं सरासरीचं बोलणं. दोन्ही गटातली माणसं एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की एकट्या माणसाचा आकडा घेऊन तो कुठल्या गटातला हे सांगता येत नाही. त्यात २०१४ साली स्वीडनमधल्या एका अभ्यासात बायपोलर असलेल्या लोकांत कॉर्टिसोल जास्त असणाऱ्यांप्रमाणेच खूप कमी असणाऱ्यांमध्येही डिप्रेशन जास्त दिसलं. बहुतेक वर्षानुवर्षं ताण झेलून ती यंत्रणाच थकत असावी असा अंदाज आहे. म्हणजे उद्या भावाचा रिपोर्ट एकदम नॉर्मल किंवा कमी आला तरी घरच्यांनी "बघ, काही नाहीये तुला" म्हणू नये, हे मला कळकळीने सांगायचंय.

कॉर्टिसोल खाली आणून किंवा त्याचं काम अडवून बरं करायचं म्हणाल तर तसंही करून बघितलंय. मिफेप्रिस्टोन नावाचं औषध कॉर्टिसोलचा रिसेप्टर, म्हणजे ते पेशीत जिथे चिकटून काम करतं ती जागा, अडवतं, ते बायपोलर डिप्रेशनच्या रुग्णांना आठवडाभर देऊन बघितलं. २०१२ला ६० जणांवरची ट्रायल आली, तिच्यात वर्किंग मेमरीचा, म्हणजे काम करताना तेवढ्यापुरतं लक्षात ठेवायच्या स्मरणशक्तीचा, एक प्रकार सुधारला पण मूडमध्ये फरक पडला नाही. त्यामुळे इंटरनेटवर कॉर्टिसोल कमी करायच्या पुड्या-कॅप्सूल विकतात त्यांच्या भरवशावर लिथियम (मूड स्थिर ठेवायचं औषध) किंवा जे काही दिलंय ते बंद करू नका, अचानक बंद केलं तर आजाराचा एपिसोड उलटून येऊ शकतो.

आता माझं. सहा वर्षांपूर्वी दम लागून मला दवाखान्यात न्यावं लागलं, तिथे प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिल्या. ते कॉर्टिसोलसारखंच काम करतं, फक्त जास्त जोरात. मला बायपोलर आहे हे ना कुणी विचारलं ना मी सांगितलं, श्वास घेता येत नसताना कुठे सुचतंय. तिसऱ्या दिवशी दम गेला आणि मला इतकं छान वाटायला लागलं की वाटलं औषध लागू पडलं. चौथ्या रात्री तीन वाजता मी पुस्तकांचं अख्खं कपाट जमिनीवर रिकामं करून कव्हरच्या रंगाप्रमाणे लावत बसले होते, घामाघूम, तोंडाने सारखं काहीतरी चालू, आणि ताई दारात उभी राहून नुसती बघत होती. तिने एकच विचारलं, "काल किती झोपलीस?" मी म्हटलं दोन तास, पण फ्रेश आहे गं. तिने सकाळी आठला माझ्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला. दोन्ही डॉक्टरांनी आपसात बोलून स्टिरॉइड कमी करत आणलं आणि मूडचं औषध वाढवलं म्हणून ॲडमिट व्हायची वेळ आली नाही. हे माझ्याच बाबतीत घडलं असं नाही. १९७२ साली बॉस्टनच्या एका मोठ्या पाहणीत प्रेडनिसोन घेणाऱ्या रुग्णांची नोंद आहे, रोज ४० मिलिग्रॅम किंवा कमी डोसवर १.३ टक्के लोकांना मानसिक त्रास झाला, ८०च्या वर गेलेल्यांत १८.४ टक्के, आणि त्या सगळ्यांनाच आधीपासून मानसिक आजार होता असं नाही.

म्हणून कॉर्टिसोलचा आकडा मोजण्यापेक्षा मला वाटतं तुम्ही भावाची झोप लिहायला लागा. किती वाजता पडला, किती वाजता उठला, आणि कमी झोपूनही दमला नव्हता का, एवढंच. आजाराचं निदान मुख्यतः अशाच गोष्टींवरून होतं, मूड चढून आणि झोपेची गरज कमी होऊन आठवडाभर राहिलं तर मॅनिया, चार दिवस आणि सौम्य असेल तर हायपोमॅनिया, आणि हे त्याला स्वतःला बऱ्याचदा नीट आठवणार नाही, घरच्यांनाच आठवतं. रक्त द्यायचंच तर लिथियम चालू असल्यास लिथियमची लेव्हल, थायरॉईड आणि किडनीच्या तपासण्या वेळेवर करा. लेव्हलचं सॅम्पल शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं असतं, सकाळची गोळी घेऊन गेलात तर आकडा उगाच जास्त दिसेल.

आणि एक, भावाला कधी दमा, ॲलर्जी, सांधे, त्वचा कशासाठीही स्टिरॉइड लिहून दिलं तर त्या डॉक्टरांना आधी बायपोलर आहे हे सांगा. घ्यायचंच नाही असं नसतं, कधी कधी ते जीव वाचवतं, आणि सुरू केलेलं स्वतःच्या मनाने बंदही करायचं नसतं, पण मूडच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळलं पाहिजे. माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर ताईने लाल पेनने लिहून ठेवलंय: बायपोलर आहे, स्टिरॉइड देण्याआधी फोन करा, आणि खाली दोन नंबर.