जुना मोबाइल, दुकानातला कॅमेरा आणि आधारची झेरॉक्स

प्रश्न : कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आमचं किराणा मालाचं दुकान आहे. चार कॅमेरे बसवून घेतलेत. परवा बसवणारा मुलगा दुसऱ्या कामासाठी आला आणि स्वतःच्याच मोबाइलवर आमचा गल्ला दाखवू लागला. ‘सर्व्हिसला सोपं जातं, काका’ म्हणाला. हे असंच असतं का? शिवाय आठ दिवसांपूर्वीचं रेकॉर्डिंग बघायला गेलो तर ते नाहीच.
– एक दुकानदार, लक्ष्मीपुरी

उत्तर : बऱ्याच ठिकाणी असंच असतं, पण असायला नको. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र, मोबाइल ॲपला पहिल्यांदा ज्याच्या खात्यातून जोडलं जातं, तो त्याचा मालक ठरतो. बसवणारा घाईत स्वतःच्या खात्यातून जोडतो आणि तुम्हाला फक्त ‘शेअर’ करतो. पैसे तुम्ही मोजले तरी ताबा त्याच्याकडे राहतो. ॲपमध्ये यंत्राच्या नावाखाली ‘शेअर्ड’ असं काही दिसतंय का ते बघा. दिसत असेल तर त्याला समोर बसवून त्याच्या खात्यातून यंत्र काढून टाकायला सांगा. त्याने काढल्याशिवाय बहुतेक कंपन्यांचं ॲप तुम्हाला ते जोडू देत नाही. मग डीव्हीआरच्या मेनूतला किंवा खालच्या स्टिकरवरचा क्यूआर कोड स्कॅन करून यंत्र तुमच्या नावावर घ्या.

एवढ्यावर थांबू नका. डीव्हीआरचा स्वतःचा ‘ॲडमिन’ पासवर्ड वेगळा असतो आणि बसवणारे पुष्कळदा सगळ्या गिऱ्हाइकांना एकच देतात. तो बदला. ‘युझर’च्या यादीत अनोळखी नावं असतील तर काढा. पासवर्ड विसरल्यावर ज्या ईमेलवर किंवा नंबरवर कोड जातो, तिथेही तुमचाच पत्ता हवा. हे राहिलं तर तुम्ही पासवर्ड कितीही वेळा बदला, बसवणारा ‘फरगॉट’ दाबून पुन्हा आत येऊ शकतो. शेवटी राउटरमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ आणि ‘यूपीएनपी’ या बाहेरून आतल्या यंत्रापर्यंत वाट देणाऱ्या सोयी बंद आहेत का ते पाहा. त्या चालू असतील तर डीव्हीआरची लॉगिनची खिडकी सगळ्या इंटरनेटसमोर उघडी असते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने कंपनीचे मूळ पासवर्ड तसेच ठेवलेले असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं सीसीटीव्ही चित्रीकरण ऑनलाइन विकलं जात असल्याचं उघड झालं. तपासणीच्या खोलीत कॅमेरा लावायचं काहीच कारण नसतं. दुकानातही कपडे बदलायची जागा, बाथरूम किंवा कामगारांच्या विश्रांतीची जागा कॅमेऱ्यात येता कामा नये. स्त्रीचं खासगी क्षणातलं चित्रीकरण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे.

आता रेकॉर्डिंगबद्दल. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा एच.२६५ या व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धतीने २ एमबीपीएस (सेकंदाला दोन मेगाबिट) वेगाने रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला साधारण २१ ते २२ जीबी लागतात. चार कॅमेऱ्यांचे झाले ८६ जीबी. डीव्हीआरमध्ये ५०० जीबीची हार्ड डिस्क असेल तर पाच-सहा दिवसांत ती भरते आणि जुन्यावर नवं लिहिलं जातं. तुमच्याकडे बहुधा हेच झालंय. १ टीबीत अकरा दिवस बसतात, महिनाभराचं हवं तर ४ टीबी घ्या. सेटिंगमध्ये एच.२६४ ही जुनी पद्धत असेल तर जवळपास दुप्पट जागा जाते, म्हणून आधी तेवढं बदलून बघा. डीव्हीआर एच.२६५ घेणारा असेल तर एक रुपयाही न घालता मुदत वाढते. हार्ड डिस्क घेताना ‘सर्व्हेलन्स’ प्रकारचीच मागा. कॉम्प्युटरची साधी डिस्क चोवीस तास सलग लिहिण्यासाठी बनवलेली नसते, ती लवकर जाते आणि गेल्याचं चोरी झाल्यावरच कळतं.

डीव्हीआरचं घड्याळही तपासा. आतला बटण सेल संपला की वीज गेल्यावर तारीख मागे उडी मारते आणि रेकॉर्डिंग असूनही सापडत नाही. सेल बदला आणि मेनूत ‘एनटीपी’ चालू करा, म्हणजे वेळ इंटरनेटवरून जुळते. पोलिसांत किंवा कोर्टात चित्रीकरण द्यायची पाळी आली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. तारीख-वेळ चुकीची असेल तर समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.

समोरच्या घराची खिडकी कॅमेऱ्यात येत असेल तर ‘प्रायव्हसी मास्क’ने तेवढा भाग काळा करता येतो. शेजाऱ्यांनी तक्रार करायची वाट बघू नका. आणि २०१९ व २०२१ च्या महापुरात ज्यांच्या दुकानात पाणी शिरलं, त्यांनी डीव्हीआर गल्ल्याखालच्या कप्प्यात न ठेवता माळ्यावर, हवा खेळेल अशा जागी ठेवावा.

प्रश्न : अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी आम्ही लॉजवर खोली घेतो. प्रत्येक वेळी आधारची झेरॉक्स मागतात, कधी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा म्हणतात. द्यावा का?
– एक गृहिणी, मंगळवार पेठ

उत्तर : लॉजवाल्याला ओळखपत्र बघावंच लागतं, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण ते आधारच असलं पाहिजे असं नाही, वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्रही चालतं. आधारच द्यायचं असेल तर ‘मास्क्ड आधार’ द्या. ‘माय आधार’च्या सरकारी संकेतस्थळावर लॉगिन करून डाउनलोड करताना ‘मास्क्ड’ हा पर्याय निवडला की पहिले आठ आकडे झाकले जातात आणि शेवटचे चारच दिसतात. ती पीडीएफ पासवर्डने उघडते : नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. झेरॉक्सच्या दुकानात फाइल आणि पासवर्ड दोन्ही देण्यापेक्षा घरीच तीन-चार प्रती छापून पाकिटात ठेवा. प्रत्येक प्रतीवर ‘फक्त लॉजसाठी’ आणि तारीख असं लिहा, तेही कोपऱ्यात न लिहिता फोटोच्या कडेवरून आडवं. कोपऱ्यातली ओळ कापून टाकता येते. व्हॉट्सॲपवर पाठवलाच असेल तर काम झाल्यावर ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करा, मात्र समोरच्याने तोवर उतरवून घेतला असेल तर त्याच्याकडे तो राहतोच.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे ठशावरून ओळख पटवायची सोय, लॉक करा. दस्तनोंदणीच्या कागदांवरचे अंगठ्याचे ठसे उचलून, त्यांच्या नकली प्रती बनवून आधारवरून पैसे काढल्याचे गुन्हे काही राज्यांत नोंदले गेले आहेत. अशा व्यवहाराला ओटीपी लागत नाही, फक्त आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि ठसा पुरतो. लॉक केलं की ठसा चालतच नाही. रेशन दुकानात किंवा सिम घेताना ठसा द्यायचा असेल तेव्हा आधारच्या ॲपमधून थोड्या वेळापुरतं उघडता येतं. घरातल्या आजी-आजोबांचं पेन्शन ठशावर निघत असेल तर त्यांना न सांगता लॉक करू नका. ते बँकेत जाऊन रिकाम्या हाताने परत येतील.

प्रश्न : राजारामपुरीत कपडे घेतले, बिलाच्या वेळी मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिलच होत नाही म्हणाले. खरंच होत नाही का?

उत्तर : होतं. किरकोळ विक्रेत्यांनी ग्राहकावर नंबरची सक्ती करू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये कळवलेलं आहे. ‘नंबर नको, कागदी बिल द्या’ एवढंच शांतपणे म्हणा. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधली नंबरची जागा दुकानाने स्वतःच्या सोयीसाठी सक्तीची केलेली असते. वॉरंटीसाठीही बिल आणि वस्तूचा सिरियल नंबर पुरतो. अडून बसले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि व्यवसायांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. तोवर नंबर न देणं हाच सगळ्यांत सोपा उपाय.

प्रश्न : जुना मोबाइल एक्स्चेंजमध्ये द्यायचाय. ‘फोटो डिलीट केले की झालं’ असं घरचे म्हणतात. दुसऱ्या एका मोबाइलचा डिस्प्ले गेलाय, तोही द्यावा का?
– एक शिक्षिका, कसबा बावडा

उत्तर : फोटो डिलीट करून काही होत नाही. ते आधी ‘ट्रॅश’मध्ये जातात, आणि खाती, मेसेज, बँकेची ॲप्स तशीच राहतात. फॅक्टरी रीसेटच करायला हवा, पण त्याआधीचा क्रम महत्त्वाचा आहे.

आधी व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या आणि नव्या मोबाइलवर गप्पा उतरल्या आहेत याची खात्री करा. यूपीआय आणि बँकेच्या ॲपमधून नोंदणी काढा. सिम आणि मेमरी कार्ड बाहेर काढा. मेमरी कार्ड एक्स्चेंजमध्ये कधीही देऊ नका : त्यावरचा डेटा सहसा कुलूपबंद नसतो आणि साध्या फॉरमॅटनंतर फुकटच्या सॉफ्टवेअरनेही परत येतो. मग सेटिंग्जमधून गूगल खातं काढा, आयफोन असेल तर ॲपल खात्यातून साइन आउट करा. हे राहिलं तर रीसेटनंतर मोबाइल जुन्याच खात्याचा पासवर्ड मागू शकतो आणि दुकानदाराचा तुम्हाला फोन येतो, ‘मॅडम, तेवढा पासवर्ड सांगा’. तो फोनवर सांगायचा नसतो. ई-सिम असेल तर रीसेट करताना तेही पुसायचा पर्याय निवडा. सगळ्यात शेवटी रीसेट.

गेल्या काही वर्षांतल्या मोबाइलमध्ये सगळा डेटा मुळातच सांकेतिक रूपात साठवलेला असतो आणि रीसेटमध्ये त्याची किल्ली नष्ट होते. किल्ली गेली की मागे राहिलेल्या डेटाचा अर्थ लावता येत नाही. दहाएक वर्षांपूर्वीच्या मोबाइलमध्ये मात्र ही सोय असेलच असं नाही. तिथे आधी सेटिंग्जमध्ये ‘एन्क्रिप्ट फोन’ करा, मग रीसेट. पावतीवर आयएमईआय (प्रत्येक मोबाइलचा वेगळा ओळख क्रमांक) आणि तारीख लिहून घ्या. क्रमांक *#०६# डायल केल्यावर दिसतो. उद्या तो मोबाइल कुठल्या गुन्ह्यात सापडला तर ही पावतीच तुमच्या कामाची. तुम्ही जुना विकत घेत असाल तर केवायएम, मग एक जागा सोडून आयएमईआय, असा मेसेज १४४२२ वर पाठवा, म्हणजे मोबाइल चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का ते कळतं.

डिस्प्ले गेलेल्या मोबाइलचं चित्र दिसत असेल आणि फक्त टच चालत नसेल, तर ओटीजी पिन (चार्जिंगच्या जागी बसणारा यूएसबीचा जोड) लावून कॉम्प्युटरचा माउस जोडा, बाण दिसेल आणि रीसेट करता येईल. काहीच दिसत नसेल पण मोबाइल चालू आणि इंटरनेटवर असेल तर दुसऱ्या मोबाइलवरून गूगलच्या ‘फाइंड हब’मध्ये जाऊन ‘इरेज’ द्या. तेही जमत नसेल तर तो देऊ नका, दोन-तीनशे रुपयांसाठी घरचे फोटो आणि खाती दुसऱ्याच्या हातात देण्याजोगा हा सौदा नाही.

दुरुस्तीला देतानाही काळजी घ्या. ‘चेक करायला लॉक सांगा’ असं सगळेच म्हणतात. सॅमसंगच्या अनेक मोबाइलमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ आणि गूगलच्या पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’ असतो. तो चालू केला की कारागिराला कोरा मोबाइल दिसतो. कॅमेरा, स्पीकर, टच सगळं तपासता येतं, तुमचे फोटो मात्र दिसत नाहीत.

प्रश्न : महावितरणच्या नव्या मीटरमध्ये कॅमेरा असतो, घरात काय चाललंय ते कळतं, असं गल्लीत बोलतात. खरं आहे का?

उत्तर : कॅमेरा किंवा माइक नसतो. पण हे मीटर ठराविक मिनिटांनी विजेचा वापर नोंदवून मोबाइल नेटवर्कसारख्या मार्गाने पाठवतं, पूर्वीसारखं महिन्यातून एक रीडिंग नाही. त्या आलेखावरून घर कधी रिकामं असतं, गिझर कधी लागतो, रात्री किती वाजता सगळं बंद होतं, याचा अंदाज बांधता येतो. त्यामुळे लोकांची शंका अगदीच निराधार नाही, फक्त धोक्याची जागा वेगळी आहे. तुमच्या ग्राहक क्रमांकावरचं ॲपचं लॉगिन कुणाला देऊ नका, आणि ‘मीटर अपडेट करायचंय, नाहीतर आज रात्री वीज तोडू’ असा फोन आला तर तो ठकाचाच समजा. मीटरवरचं युनिट महिन्यातून एकदा फोटो काढून ठेवा आणि बिलाशी ताडून बघा.

प्रश्न : कागलला माझे वडील शेती बघतात. त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाइल आली, त्यांनी ती उघडली. आता काय करायचं?

उत्तर : आधी मोबाइल फ्लाइट मोडवर टाका आणि वाय-फायही बंद करा. मग सिम काढून घरातल्या साध्या बटणाच्या मोबाइलमध्ये घाला. एपीके म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल. ही फाइल मेसेज वाचायची परवानगी घेते आणि बँकेचा ओटीपी परस्पर ठकाकडे पाठवते. सिम साध्या मोबाइलमध्ये गेलं की ओटीपी तिकडे येतो आणि तो रस्ता बंद होतो. साध्या मोबाइलवरून बँकेच्या कार्डामागच्या नंबरवर फोन करून खातं आणि यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. ठकाच्या खात्यातून पैसे पुढे सरकण्याआधी ते अडवले जाण्याची शक्यता पहिल्या तासा-दोन तासांत सर्वांत जास्त असते, त्यामुळे ‘उद्या बँकेत जाऊन बघू’ असं करू नका. ##००२# डायल केलं की कुणी कॉल फॉरवर्ड लावला असेल तर तो निघतो.

मग मोबाइलकडे वळा. ॲप्सच्या यादीत ते ॲप शोधा, कधी त्याला चिन्हच नसतं. ‘अनइन्स्टॉल’ दबत नसेल तर सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ आणि ‘डिव्हाइस ॲडमिन’ या दोन ठिकाणी त्याचा ताबा काढा, मग ते निघतं. तरीही पुरता भरवसा धरू नका, फोटो कॉम्प्युटरवर उतरवून रीसेट करा. बँकेचे आणि गूगलचे पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ मोबाइलवरून. व्हॉट्सॲपमधल्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये अनोळखी जोडणी असेल तर ती काढा. नंतर ग्रुपवर स्पष्ट लिहा की ही फाइल उघडू नका, कारण अशी ॲप्स बऱ्याचदा मोबाइलच्या मालकाच्याच नावाने तीच फाइल पुढे पाठवतात आणि वडिलांचा नंबर बघून भावकीतली मंडळी ती बिनधास्त उघडतात.