घरगुती व्यवसायासाठी मालवाहू गाडी: कुठली घ्यावी, विमा कुठला काढावा?

तुमचा प्रश्न असा: लोणची-मसाल्यांचा घरगुती धंदा आहे, रोज तीस-चाळीस दुकानांना माल पोचवायचा आहे. पांढऱ्या पाटीची जुनी ईको स्वस्तात मिळते आहे. मागची सीट काढून माल भरला आणि विमा नुसता थर्ड पार्टी, म्हणजे फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा, काढला तर चालेल का?

सीट काढायची आयडिया आमच्या घरातही निघाली होती. कराडला आमची बेकरी आहे. खारी, टोस्ट, पाव. "आपलाच माल आपण नेतोय, भाडं थोडंच घेतोय," असं आमचे बंधुराज म्हणाले. बहुतेकांचा समज हाच असतो आणि तो चुकीचा आहे. खासगी कारच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. भाड्याने वापरायची नाही हे त्यात असतंच, पण नमुने आणि वैयक्तिक सामान सोडून मालवाहतूकही करायची नाही, असंही असतं. तो माल तुमचा की दुसऱ्याचा, हा प्रश्नच येत नाही. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीचा फोटो काढतो, आणि त्यात लोणच्याच्या बरण्या दिसल्या की पुढचं बोलणं संपतं. ईकोच हवी असेल तर तिचं कार्गो मॉडेल येतं, पिवळ्या पाटीवर पासिंग होणारं. ते बघा.

नाहीतर छोटा हत्ती किंवा तत्सम काही. आमच्या खारीला वजन नाही, जागा लागते, म्हणून आम्ही शोरूममध्ये क्रेट घेऊन गेलो आणि हौद्यात लावून बघितले. तुमचं उलट आहे. काचेच्या बरणीतलं लोणचं दिसायला थोडं आणि वजनाला दगड. वीस किलोचे तीस खोके म्हणजे सहाशे किलो झाले. आरसीवर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन असतं, त्यातला फरक म्हणजे तुमची मर्यादा. सेल्समन तोंडी काय सांगतो ते सोडून द्या. भरलेलं वजन ३,००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही, फिटनेस सर्टिफिकेट मात्र लागतं: नव्या गाडीला पहिलं दोन वर्षांनी, आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी.

नवी घेणार असाल तर सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. तुमची नियमित जीएसटी नोंदणी असेल तर मालवाहू गाडीवर भरलेला कर क्रेडिट म्हणून परत घेता येतो. साध्या कारला ही सोय सहसा नाही. बिल धंद्याच्या नावावर आणि नंबरावर घ्या.

कर्जाचं एकच सांगतो. "फक्त आठ टक्के" म्हणाले की "फ्लॅट का?" असं विचारा. फ्लॅट म्हणजे हप्ते फिटत गेले तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावर. पाच लाख, चार वर्षं, फ्लॅट आठ टक्के म्हणजे व्याज १ लाख ६० हजार आणि हप्ता १३,७५०. हाच हप्ता बँकेच्या घटत्या शिलकीच्या हिशोबाने मांडला तर दर चौदा टक्क्यांच्या वर जातो.

आता विमा. इथे मी स्वतः आपटलोय. २०१९ मध्ये गाडी घेतली तेव्हा एजंटाने सगळ्यात स्वस्त पॉलिसी काढून दिली आणि मी खूश. पुढच्याच उसाच्या हंगामात, तिन्हीसांजेला, पाटण रोडवर मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीने पुढे ब्रेक मारला आणि आमचा हत्ती तिच्यावर जाऊन बसला. माणसं सुखरूप, टोस्टचा मात्र रवा झाला. गॅरेजचं बिल २३,४०० आणि विम्याचे मिळाले ६,१००. सर्व्हेअर यादीवर पेन फिरवत गेला: बंपर नाही, हेडलाइट नाही, रंग नाही. भांडायला गेलो तर कळलं की तो बरोबर होता. व्यावसायिक गाडीच्या पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बॉनेटच्या बाजू, बंपर आणि रंगकाम हे गाडी पूर्ण निकामी झाल्याशिवाय धरतच नाहीत. ते हवं असेल तर 'आयएमटी २३' नावाचं कलम जादा पैसे देऊन जोडावं लागतं. ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियमवर साधारण पंधरा टक्के. गाडी पुढून ठोकली तर दुसरं फुटतं काय? एजंटाने माझे हजारभर वाचवले होते. कोटेशन आलं की आधी हे कलम शोधा. आणि तो रवा झालेला टोस्टही माझ्याच खिशातून गेला, कारण गाडीच्या विम्यात आतला माल धरत नाहीत. त्यासाठी ट्रान्झिटचा विमा वेगळा असतो. तुमच्या काचेच्या बरण्या आहेत, विचार करा.

नुसत्या थर्ड पार्टीबद्दल. तो कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं. २०२२ च्या दरपत्रकात भाड्याने चालणाऱ्या, ७,५०० किलोपर्यंतच्या चारचाकी मालगाडीला तो १६,०४९ रुपये अधिक कर आहे. म्हणजे मोठी रक्कम तुम्ही तशीही भरणारच. छोट्या गाडीला स्वतःच्या नुकसानीचा भाग बहुतेक वेळा त्याहून कमीत बसतो, आणि चोरीची भरपाई त्याच भागात असते. हप्ते चालू असताना तो सोडू नका. शिवाय 'फक्त आमचाच माल' असेल तर पॉलिसी खासगी मालवाहक म्हणून काढा, थर्ड पार्टी स्वस्त पडतो. मात्र मग परतीच्या फेरीत कुणाचे कांदे भाड्याने आणायचे नाहीत. पगारी ड्रायव्हर ठेवणार असाल तर त्याची जबाबदारीही जोडून घ्या, अगदी किरकोळ पैसे लागतात. लायसन्स साधं एलएमव्हीचं (हलक्या मोटारीचं) चालतं, ७,५०० किलोपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं आहे.

जुनीच पिवळ्या पाटीची गाडी मिळाली तर एमपरिवहन या सरकारी ॲपवर बोजा (गाडीवरचं कर्ज), चलनं आणि फिटनेसची तारीख बघा. बोजा असेल तर तो उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. पॉलिसी १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला द्या. आमच्या शेजाऱ्यांनी "पुढच्या महिन्यात करू" म्हणून ठेवलं होतं, आणि त्यांची गाडी तेविसाव्या दिवशी ओढ्यात गेली.