वेळकाढूपणाला इंग्लिशमध्ये काय म्हणायचं?

प्रश्न : मी इंग्लिशमध्ये एक तक्रारअर्ज लिहितोय. समोरची पार्टी मुद्दाम वेळकाढूपणा करतेय हे त्यात लिहायचंय. डिक्शनरीत प्रोक्रॅस्टिनेशन मिळाला पण तो काही पटत नाहीये. फॉर्मल असा नेमका शब्द आहे का? आणि माझं नेहमी असंच होतं, मराठी शब्द तोंडावर असतो आणि इंग्लिश सापडत नाही, तर हे शोधायचं कसं?

उत्तर : तुम्हाला तो शब्द खटकला ते अगदी बरोबर आहे. प्रोक्रॅस्टिनेशन म्हणजे आपली चालढकल. लॅटिनमध्ये क्रास म्हणजे उद्या, त्यावरून हा शब्द आलाय, म्हणजे आजचं उद्यावर. त्यात माणूस स्वतःचंच काम लांबवतो, कधी कंटाळा म्हणून कधी भीती म्हणून, आणि बरेचदा नुकसानही त्याचं त्यालाच होतं. वेळकाढूपणात मात्र डाव असतो, दिवस गेले की समोरचा थकेल, मुदत उलटेल, विषय आपोआप मागे पडेल असा सगळा हिशोब त्यामागे असतो. तक्रारीत प्रोक्रॅस्टिनेशन लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल की हे लोक जरा आळशी आहेत एवढंच, तुमचा मुख्य आरोपच गळून जाईल.

तुम्हाला हवाय तो शब्द म्हणजे डिलटरी. स्पेलिंग डी-आय-एल-ए-टी-ओ-आर-वाय. कोर्टाच्या आणि संसदेच्या कामकाजात तो नेहमीचा आहे आणि बहुतेक वेळा टॅक्टिक्स या शब्दाला धरून येतो, डिलटरी टॅक्टिक्स. डिफर म्हणजे पुढे ढकलणे, हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदातून आला त्याच्याच एका रूपातून हा पण आलाय (डोळ्याची बाहुली डायलेट होते त्याच्याशी याचा संबंध नाही, स्पेलिंग सारखं दिसतं म्हणून सांगितलं). एक काळजी घ्या, नुसतं डिलटरी म्हणजे फक्त संथ किंवा दिरंगाई करणारा असाही अर्थ होतो, त्यामुळे टॅक्टिक्स जोडा किंवा आधी डेलिबरेटली लावा. आणि मी तर म्हणेन त्याच्या पुढच्याच वाक्यात तारखा द्या, कोणत्या तारखेला पत्र दिलं, कधी स्मरणपत्र दिलं, काय उत्तर आलं, म्हणजे त्या शब्दाला आधार मिळतो.

स्टॉलिंग हा शब्द अर्थाने जवळचा आहे पण बोलीतला वाटतो. टेम्पोराइज फॉर्मल आहे, निर्णय टाळून वेळ मिळवत राहणे असा, पण तो फार कमी लोक वापरतात. आणि प्रिव्हॅरिकेटच्या वाटेला अजिबात जाऊ नका, हे मी अनुभवातून सांगतेय. पूर्वी एकदा कामाच्या पत्रात मी उशीर करणे या अर्थाने तो लिहिला होता, कुणाच्या तरी तोंडून तसा ऐकलेला म्हणून. त्याचा खरा अर्थ सरळ उत्तर न देता सत्य टाळणे, गोलगोल बोलणे. ज्यांना पत्र गेलं त्यांना वाटलं मी त्यांना खोटारडं म्हणतेय आणि त्यांचं दुखावणं योग्यच होतं, मला फोन करून माफी मागावी लागली. तेव्हापासून कितीही ओळखीचा वाटला तरी शब्द पत्रात घालण्याआधी मी तो उघडून बघतेच.

आता शोधायचं कसं. सगळ्यात आधी मराठी शब्द बाजूला ठेवा आणि त्याचा अर्थ एका वाक्यात फोडून लिहा, कोण करतंय, मुद्दाम की नकळत, कुणाचं नुकसान होतंय. तुमच्या बाबतीत फक्त "मुद्दाम" हा एक शब्द धरला असता तरी प्रोक्रॅस्टिनेशन तिथेच बाद झाला असता. साध्या डिक्शनरीत शब्दावरून अर्थाकडे जाता येतं आणि आपल्याला नेमकं उलटं हवं असतं. आपल्याकडे अमरकोश याच कामाचा, त्यात शब्द विषयाप्रमाणे लावलेत, स्वर्गवर्ग, वनौषधिवर्ग असे. इंग्लिशमध्ये हेच काम पीटर मार्क रोजे नावाच्या डॉक्टरांनी केलं, 1805 मध्ये स्वतःसाठी यादी करायला घेतली आणि 1852 मध्ये वयाच्या 73व्या वर्षी थिसॉरस छापून आला. आता नेटवर रिव्हर्स डिक्शनरी पण मिळतात, अर्थ टाइप केला की शब्दांची यादी समोर. पण यादीतला शब्द उचलून तसाच चिकटवू नका, तो कुणाच्या सोबतीने येतो ते बघा. त्यासाठी ब्रिटिश नॅशनल कॉर्पससारखा संग्रह फार उपयोगी आहे, त्यात लेखी आणि बोली मिळून जवळपास 10 कोटी शब्दांचा मजकूर आहे आणि एखादा शब्द लोकांनी खऱ्या वाक्यांत कसा वापरला ते ओळीने वाचता येतं. पाच-सात वाक्यं वाचली की लगेच कळतं.

प्रश्न : फॉर्मल लिहायचं म्हणून मी यूजच्या जागी युटिलाइज आणि आस्कच्या जागी इंटरॉगेट लिहिते. बरोबर आहे ना?

उत्तर : इंटरॉगेट आधी काढा! ती पोलिसांनी केलेली कसून चौकशी आहे, नुसतं विचारायचं असेल तर आस्क किंवा इन्क्वायर. हा घोळ होतो कारण 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबाराची भाषा फ्रेंच झाली, विद्वानांची लॅटिन होतीच, त्यामुळे एकाच गोष्टीला घरचा, फ्रेंच आणि लॅटिन असे तीन-तीन शब्द साचले, जसं आपल्याकडे विनंती, अर्ज आणि निवेदन. पण तीन शब्द तीन जागी राहिले की त्यांचे अर्थही हळूहळू वेगळे होत जातात, अर्ज आपण भरतो, विनंती भरत नाही. यूज कुठल्याही फॉर्मल पत्रात चालतो, बिनधास्त लिहा.

प्रश्न : शिफारसपत्रात "मनमिळाऊ" कसं लिहायचं? सोशेबल चालेल?

उत्तर : सोशेबल म्हणजे लोकांत रमणारा, तो मनमिळाऊ असेलच असं नाही. अ‍ॅमिएबल म्हणजे स्वभावाने गोड, हा जवळचा आहे. पण शिफारसपत्र वाचणाऱ्याला बहुतेक हे बघायचं असतं की हा माणूस टीममध्ये नीट काम करेल का, तर त्यासाठी कलीजियल हा शब्द आहे, सहकाऱ्यांशी जुळवून, त्यांचा मान ठेवून काम करणारा. तो जड वाटला तर सरळ "वर्क्स वेल विथ अदर्स" लिहा आणि त्याने कुणासोबत काय काम पार पाडलं ते एका ओळीत सांगा.