लोह आत येते कुठून, अडते कुठे?

लोहाची गोळी सुरू केल्यापासून शौचाला काळी होते. म्हणजे सगळे लोह वायाच जाते का?

सगळे नाही, पण बरेचसे जाते. पेशीचे आवरण स्निग्ध असते आणि विद्युतभार असलेले लोह त्यातून आपोआप पार होत नाही. त्यासाठी वाहक प्रथिने लागतात. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात 'डीएमटी-१' हे असे प्रथिन आहे. ते फेरस (दोन धनभार असलेल्या) रूपातलेच लोह आत घेते, तेही एका प्रोटॉनसोबत. भाजी-धान्यातले लोह बहुतेक फेरिक (तीन धनभारांचे) असते. आतड्याच्या पेशींवरचे एक विकर त्याचे फेरस करते आणि लिंबातले क जीवनसत्त्वही त्याला हातभार लावते. चहातली टॅनिन्स मात्र लोहाला आधीच बांधून ठेवतात, त्यामुळे जेवणासोबतचा चहा टाळाच. एक सांगून ठेवते: गोळ्या चालू नसताना शौचाला डांबरासारखी काळी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

एक डॉक्टर गोळी रोज घ्या म्हणतात, दुसरे एक दिवसाआड. खरे काय?

आतड्याच्या पेशीत शिरलेले लोह अजून रक्तात पोचलेले नसते. रक्ताच्या बाजूने ते बाहेर सोडणारे दार वेगळे आहे. त्याचे नाव फेरोपोर्टिन, आणि पेशीतून लोह बाहेर काढणारे माहीत असलेले प्रथिन हे एकच. यकृतातून येणारे हेप्सिडिन हे संप्रेरक त्याला चिकटले की पेशी ते दारच आत ओढून नष्ट करते. मग लोह पेशीतच फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनात अडकते आणि काही दिवसांत ती पेशी झडते तेव्हा तिच्यासोबत निघून जाते.

मोठा डोस घेतल्यावर हेप्सिडिन साधारण दिवसभर वाढलेले राहते, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या गोळीतले लोह प्रमाणाने कमी शोषले जाते. झुरिकच्या संशोधकांना लोह कमी असलेल्या तरुणींमध्ये हेच दिसले. एक दिवसाआडचा सल्ला यातूनच आला. तरी गरोदरपणात किंवा हिमोग्लोबिन फार खाली असताना वेळापत्रक स्वतःहून बदलू नका.

इतका कडक बंदोबस्त कशासाठी? जादा लोह बाहेर टाकण्याची सोयच शरीरात नाही, आणि मोकळे लोह पेशींना इजा करते. शरीरात एकूण 3 ते 4 ग्रॅम लोह असते, पण रोज आतड्यातून येते जेमतेम 1 ते 2 मिलिग्रॅम. रोजच्या गरजेचे बाकीचे 20-25 मिलिग्रॅम जुन्या तांबड्या पेशी मोडून परत मिळते. थॅलॅसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त द्यावे लागते, आणि आतड्यातला पहारा त्या रक्तातल्या लोहाला थोपवू शकत नाही. म्हणून त्यांना लोह बांधून बाहेर काढणारी औषधे लागतात.

सासूबाईंना आमवात आहे. फेरिटिन भरपूर, तरी हिमोग्लोबिन कमी. असे कसे?

सूज असली की इंटरल्युकिन-६ हे सुजेचा निरोप देणारे प्रथिन वाढते आणि ते हेप्सिडिन वाढवते. जुन्या तांबड्या पेशी मोडणाऱ्या पेशींमध्येच मग लोह अडकून पडते. साठा असतो, पण अस्थिमज्जेपर्यंत पोचत नाही. अशा वेळी नुसत्या गोळ्या देत राहण्याने फारसे साधत नाही, आमवात आटोक्यात आणणे महत्त्वाचे. सुजेमुळे फेरिटिनही वाढते, तेव्हा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातल्या लोहवाहक प्रथिनावर किती लोह भरले आहे ते) तपासायचे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

मुलाच्या रक्तात शिसे जास्त निघाले. डॉक्टर लोह का तपासताहेत?

योग्यच करताहेत. लोह कमी पडले की आतडे डीएमटी-१ वाढवते, आणि तोच वाहक मँगनीज, कॅडमियमही आत घेतो. लोह कमी असलेल्या मुलांमध्ये शिसेही जास्त शोषले जाते. लोहाची कमतरता असेल तर ती भरून काढा, आणि सोबत शिसे येते कुठून ते शोधा: भिंतीचा पोपडे निघणारा जुना रंग, जुन्या बॅटऱ्यांचे काम, काही धातुभस्मे.