पाचवीच्या वर्गात वर्णभेदाविषयी बोलण्यासाठी गोष्टींची पुस्तके कशी वापरावीत?

पाचवीच्या मुलांशी वर्णभेदाविषयी बोलताना गोष्टींच्या पुस्तकांचा कितपत उपयोग होतो, असे आपण विचारले आहे. मी सोलापुरात प्राथमिक वर्गांना शिकवतो. माझ्या वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतील मुले आहेत, आणि सावळ्या मुलाला चिडवण्याच्या बाबतीत या चारही भाषांचे दुर्दैवाने एकमत आहे.

मी रुबी ब्रिजेसची गोष्ट वाचून दाखवतो. १४ नोव्हेंबर १९६० रोजी, म्हणजे आपल्याकडील बालदिनी, सहा वर्षांची ही कृष्णवर्णीय मुलगी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात तोवर केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या शाळेत सरकारी मार्शलांच्या पहाऱ्यात गेली. गोऱ्या पालकांनी आपापली मुले काढून नेली आणि बार्बरा हेन्री या शिक्षिकेने तिला वर्षभर एकटीलाच शिकवले. मुलांना राग येतो, पण तो दूरच्या लोकांवरचा असल्यामुळे त्यांना काहीच झळ लागत नाही. म्हणून त्याच तासाला मी साताऱ्याच्या शाळेतील भीमराव आंबेडकरांविषयी सांगतो: बसायला वेगळे गोणपाट, तेही रोज घरून आणायचे आणि परत न्यायचे, नळाला हात लावायचा नाही, त्यामुळे शिपाई नसेल तर पाणीही नाही. वर्ण (म्हणजे इथे कातडीचा रंग) आणि जात एकच नव्हेत, हे मी स्पष्ट करतो. तरीही रिकाम्या वर्गातील रुबीनंतर ते गोणपाट आले की वर्गातील चुळबुळ थांबते.

पहिल्या वर्षी माझ्या हातून चूक झाली. वाचन संपताच वर्गातील सर्वांत सावळ्या मुलीला मी ‘तुला काय वाटले?’ असे विचारले. तिने मान खाली घातली ती तास संपेपर्यंत वर केली नाही. आता मी रुबीच्या शाळेबाहेर तिच्यावर ओरडणाऱ्या गोऱ्या माणसांविषयी विचारतो: ती माणसे घरी गेल्यावर आपल्या मुलांना काय सांगत असतील?

केवळ छळाच्या गोष्टी मात्र निवडू नयेत. एझ्रा जॅक कीट्स यांच्या ‘द स्नोई डे’ या १९६२ च्या पुस्तकात पीटर नावाचा कृष्णवर्णीय मुलगा बर्फात मनसोक्त खेळतो, इतकेच आहे. सोलापूरच्या मुलांना त्यात नवल वाटते ते बर्फाचे. पीटरच्या रंगाविषयी आजवर कोणी विचारलेले नाही.

शेवटी मी चित्र काढायला सांगतो. रंगपेटीतील फिकट गुलाबी खडूला मुले ‘स्किन कलर’ म्हणतात. तो आपापल्या मनगटाजवळ धरून पाहा, एवढेच मी सुचवतो. अजून तरी तो एकाही मनगटाशी जुळलेला नाही.