वाड्याखाली काय आहे, न खोदता कळेल का?

प्रश्न : नमस्कार दादा, आमचं गाव वर्धा जिल्ह्यात. मालगुजारीच्या काळातला आमचा वाडा कधीचाच बसला, आता नुसता पांढऱ्या मातीचा ढीग आहे अन् बाजूच्या पट्ट्यात हरभरा पेरतो. म्हातारे सांगतात आत विहीर होती, धान्याचं पेव होतं. भाऊ म्हणतो जेसीबी बोलावू, माझ्या जिवावर येते. एक जण जमिनीखालचं दाखवणारं रडार आणतो म्हणते, पैसे घालू का?

उत्तर : ताई, जेसीबी अजिबात नको, बकेट एकदा फिरली की चूल कुठं होती, भिंत कुठं होती, सगळं कालवून जाते अन् मग ते कोणालाच वेगळं करता येत नाही.

रडारची घाई करू नका. ते खाली रेडिओ लहरी सोडते अन् दगडाला लागून परत आलेल्या लहरी टिपते, कोरड्या रेतीत मस्त चालते, पण आपली काळी माती चिकण, त्यात ओल असली की लहरी वरच्यावरच जिरतात, कधी अर्धा मीटरही खाली जात नाहीत. ढिगावरच्या पांढरीत जरा बरं दिसू शकते, तरी आधी एक पट्टा फिरवून दाखव म्हणा.

मला तुमच्या जागेसाठी रेझिस्टिव्हिटी, म्हणजे माती करंटला किती अडवते ते मोजायची पद्धत, जास्त भरवशाची वाटते. बोअरच्या आधी पाणी पाहायला चार सळया ठोकून मशीन लावतात ना, तेच हे, फक्त सळया जवळजवळ, अर्ध्या मीटरवर, म्हणजे पाऊण-एक मीटरपर्यंतचं कळते. दोरीनं 20 बाय 20 मीटरचे चौकोन आखायचे अन् मीटर-मीटरवर रीडिंग घ्यायचं. दगडी पाया करंट अडवतो, बुजलेल्या विहिरीतली भुसभुशीत ओली माती त्याला सहज जाऊ देते, म्हणून नकाशावर पाया सरळ रेषेत उमटतो अन् विहीर गोल. नुसत्या मातीच्या भिंती मात्र पडून मातीतच मिसळल्या असतील तर फारसा फरक दिसणार नाही, हे आधीच सांगतो. मे महिन्यात करू नका, भेगांमुळे सळया नीट टेकत नाहीत.

मॅग्नेटोमीटरही असतो, म्हणजे जमिनीतलं चुंबकत्व मोजणारं यंत्र. भाजलेली माती थंड होताना तिच्यातले लोहाचे कण चुंबकत्व धरून ठेवतात, म्हणून चूल, भट्टी, विटा त्यात सापडतात. नागपूर जिल्ह्यात नैकुंडला महापाषाण काळातली (मोठमोठे दगड रचून दफनं करायचे त्या जुन्या काळातली) लोखंड गाळायची भट्टी उत्खननात निघाली, तसल्या गोष्टीला हे यंत्र फार चांगलं. तुमच्याकडे काळा पाषाण स्वतःच चुंबकीय, शिवाय टिनाचे पत्रे अन् तारेचं कुंपण, त्यामुळे गोंधळ होईल.

अन् भावाला हेही सांगा, 1878 च्या कायद्यानं जमिनीत पुरलेलं 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावंच लागते.

यंदा हरभरा नीट पाहा, खाली दगडी पाया असला तर तेवढीच ओळ आधी पिवळी पडते, गच्चीवरून फोटो काढून ठेवा. म्हाताऱ्यांना हात धरून ढिगावर न्या, विहीर जिथं म्हणतील तिथं खुंटी ठोका, अन् हरभरा निघाल्या निघाल्या पहिला चौकोन त्या खुंटीभोवतीच आखा.