इंग्लंडची 'शेरी कास्क फिनिश' सिंगल माल्ट म्हणजे नेमकं काय? तिच्यात शेरी मिसळलेली असते का?

तुम्ही लिहिलंय की मेहुण्यांनी इंग्लंडहून एक बाटली आणली. तिच्यावर स्कॉच असं कुठेच नाही, 'इंग्लिश सिंगल माल्ट' (म्हणजे एकाच डिस्टिलरीची, मोड आणलेल्या सातूची व्हिस्की) आहे, खाली 'स्मॉल बॅच' आणि 'शेरी कास्क फिनिश'. वय छापलेलं नाही, आणि तेवढ्या पैशात बारा वर्षांची चांगली स्कॉच आली असती. मग ही घेण्यात फसगत झाली का, असा तुमचा खरा प्रश्न दिसतो. मी यॉर्कशायरमध्ये राहतो आणि इथल्या डिस्टिलऱ्यांवर माझं बऱ्यापैकी लक्ष असतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शेरी ही स्पेनची एक वाइन, आणि ती व्हिस्कीत मिसळत नाहीत. मिसळली तर तिला व्हिस्की म्हणताच येणार नाही. तयार व्हिस्कीत पाणी आणि रंगासाठी साधं कॅरॅमल, एवढंच कायद्याला चालतं. शेरीचा जो काही अंश येतो तो लाकडातून. आधी शेरी ठेवलेल्या पिंपाच्या, म्हणजे कास्कच्या, फळ्यांमध्ये काही लिटर वाइन मुरून बसलेली असते. पिंप रिकामं करून त्यात व्हिस्की भरली की ती वाइन आणि लाकडाचा स्वतःचा गुण, दोन्ही हळूहळू उतरतात.

आता इंग्लंड का, हे थोडक्यात. व्हिक्टोरियन काळात लंडन, लिव्हरपूल आणि ब्रिस्टलमध्ये व्हिस्कीच्या डिस्टिलऱ्या होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेवटची बंद पडली आणि पुढची शंभरेक वर्षं इंग्लिश व्हिस्की हा प्रकारच उरला नाही. नॉरफोकमध्ये नेलस्ट्रॉप नावाच्या शेतकरी कुटुंबाने 2006 साली सेंट जॉर्जेस डिस्टिलरी सुरू केली आणि 2009 मध्ये तिथली पहिली व्हिस्की बाजारात आली. कॉट्सवोल्ड्स आणि लेक्स या दोन्ही डिस्टिलऱ्या 2014 च्या. आमच्या यॉर्कशायरची फाइली बे नावाची व्हिस्की बनवणारी डिस्टिलरी 2016 पासून दारू गाळते आहे आणि त्यासाठी लागणारे सातू स्वतःच्या शेतात पिकवते. म्हणजे सगळा धंदा वीस वर्षांच्या आतबाहेरचा. तुमच्या बाटलीवर वय नाही त्याचं सरळ कारण हेच. बारा वर्षांचा माल यातल्या फार थोड्या लोकांकडे आहे, आणि असला तरी तो ते इतक्या सहज विकत नाहीत. कायद्याने लाकडी पिंपात किमान 3 वर्षं मुरली की व्हिस्की झाली. बऱ्याचशा इंग्लिश बाटल्या चार ते सात वर्षांच्या असतात.

इथे शेरीची पिंपं कामाला येतात. व्हिस्की आधी काही वर्षं बर्बनच्या, म्हणजे अमेरिकन मक्याच्या व्हिस्कीच्या, जुन्या पिंपात ठेवतात. अमेरिकेत बर्बनसाठी दर वेळी नवीन जाळलेलं ओक वापरावं लागतं, त्यामुळे तिथली वापरलेली पिंपं जगभर मुबलक मिळतात आणि स्वस्त पडतात. त्यात व्हॅनिला, नारळ, मध अशा अंगाची फिकट सोनेरी व्हिस्की तयार होते. मग ती शेरीच्या पिंपात हलवतात. सहा महिने, वर्षभर, कधी दोन वर्षं. हे शेवटचं मुरवणं म्हणजे फिनिश. युरोपियन ओक असेल तर त्याच्यात टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) जास्त असतं, म्हणून रंग झपाट्याने चढतो आणि दालचिनी, लवंग, अक्रोड, मनुका, संत्र्याची साल अशा चवी येतात. चार वर्षांच्या पोरसवदा व्हिस्कीला थोड्या महिन्यांत भारदस्तपणा येतो. यात लबाडी काही नाही, पण गाळलेला माल मुळात कच्चा असेल तर शेरी त्याच्यावर पांघरूण घालू शकते, आणि काही ठिकाणी तसं होतंही. घोट घेतल्यावर आधी गोड मनुका आणि लगेच मागून कच्च्या दारूची जळजळ आली की समजायचं.

आता ही पिंपं येतात कुठून? स्पेनच्या दक्षिणेला हेरेथ आणि आसपासच्या दोन गावांत शेरी बनते. तिथे वाइन पिंपांच्या रांगांमध्ये वर्षानुवर्षं वरच्या ओळीतून खालच्या ओळीत मुरत जाते, त्या पद्धतीला सोलेरा म्हणतात. तुमच्या व्हिस्कीचं पिंप या सोलेरातलं असेल अशी कल्पना असेल तर ती सोडून द्या. ती पिंपं कैक दशकं जुनी असतात आणि वाइनला लाकडाची चव लागू नये म्हणूनच त्यांना इतकं मुरलेलं ठेवतात. जुन्या माठाच्या पाण्याला मातीचा वास येत नाही तसंच ते. व्हिस्कीवाल्यांच्या ती फारशी उपयोगाची नाहीत, आणि बोदेगावाले, म्हणजे शेरीच्या कोठारांचे मालक, विकतही नाहीत.

पूर्वी मात्र वेगळी सोय होती. शेरी पिंपातूनच जहाजाने ब्रिस्टल आणि लंडनला यायची आणि इथे बाटल्यांत भरली जायची. रिकामी पिंपं परत पाठवण्यापेक्षा व्हिस्कीवाल्यांना विकणं परवडायचं. इंग्रजांना शेरीचं वेड जुनंच. फ्रान्सिस ड्रेकने 1587 मध्ये काडिथ बंदरावर छापा घातला तेव्हा लुटीत जवळजवळ 2900 पिंपं शेरी होती असं सांगतात. पण 1980 च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करायचा नियम झाला आणि हा पुरवठा आटला. तेव्हापासून पिंपं मुद्दाम बनवून घेतात. नवं ओकचं पिंप, त्यात निदान वर्षभर, बहुतेक वेळा दीड-दोन वर्षं शेरी ठेवायची, मग ओतून काढायची आणि पिंप व्हिस्कीसाठी रवाना करायचं. ती शेरी कोणी जेवणाच्या टेबलावर पीत नाही. तीच पुन्हा पुढच्या पिंपात जाते आणि शेवटी तिचा व्हिनेगर होतो किंवा ती ब्रँडीसाठी गाळली जाते. थोडक्यात, आज व्हिस्कीच्या धंद्यासाठी शेरी बनते म्हटलं तरी फार चुकणार नाही. मला हे कळलं तेव्हा थोडा हिरमोड झाला होता खरा, पण चव बघता तक्रारीला जागा नाही.

लेबलवर ओलोरोसो आहे की पीएक्स, हे बघा. ओलोरोसो मुळात कोरडी वाइन, अक्रोडाच्या अंगाची. पीएक्स म्हणजे पेद्रो हिमेनेथ, ही उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची, जवळपास काकवीइतकी दाट आणि गोड. पीएक्सची पिंपं पहिल्या घोटाला जिंकतात, तिसऱ्या घोटाला मला जड होतात. हे माझं मत, लेक्सच्या चाहत्यांना पटणार नाही. कम्ब्रियातल्या बॅसन्थवेट तलावाजवळच्या या डिस्टिलरीने शेरी पिंपांवरच नाव कमावलं. धवल गांधी हे मॅकॅलन या स्कॉच डिस्टिलरीतून तिथे आले आणि त्यांनी ती शैली घडवली. त्यांच्या व्हिस्कीमेकर्स रिझर्व्ह नंबर 4 ला 2022 च्या वर्ल्ड व्हिस्कीज अवॉर्ड्समध्ये जगातली सर्वोत्तम सिंगल माल्ट ठरवलं गेलं. मी मात्र फाइली बेच्या शेरी पिंपवाल्या बाटलीकडे वळतो, कारण शेरीच्या आड सातूची आणि फळांची चव शिल्लक राहते.

'स्मॉल बॅच'वर फार जीव लावू नका. किती पिंपं एकत्र केली की छोटी बॅच, हे कुठल्याच कायद्यात नाही. इंग्लंडमधल्या बहुतेक डिस्टिलऱ्या इतक्या लहान आहेत की त्यांची प्रत्येक बॅच छोटीच असते. एक परिणाम मात्र खरा. यंदा आवडलेली बाटली पुढच्या वर्षी तीच चव देईल याची खात्री नाही.

किमतीचं म्हणाल तर शेरीचं 500 लिटरचं पिंप बर्बनच्या पिंपाच्या कित्येक पट महाग पडतं. शिवाय ब्रिटनमध्ये 70 सेंटिलिटरच्या, 46 टक्क्यांच्या बाटलीमागे 10 पौंडांच्या वर अबकारी कर आणि त्यावर 20 टक्के व्हॅट. मोठ्या स्कॉच कंपनीला हा खर्च लाखो बाटल्यांत विरघळवता येतो, नॉरफोकच्या शेतकऱ्याला नाही.

स्कॉचपेक्षा नियमही जरा सैल आहेत. स्कॉटलंडमध्ये पिंप ओकचंच लागतं, इंग्लंडमध्ये दुसरं लाकूडही चालतं. इथल्या डिस्टिलऱ्यांनी 2022 मध्ये इंग्लिश व्हिस्की गिल्ड ही आपली संघटना स्थापन केली आणि भौगोलिक मानांकनासाठी अर्ज केला. त्यातल्या 'सिंगल माल्ट'च्या व्याख्येवर स्कॉच व्हिस्की असोसिएशनने हरकत घेतली. दारू गाळणं एका जागी झालं तरी पुरे, सातू भिजवून आंबवण्याचं काम दुसरीकडे चालेल, असं त्या व्याख्येत आहे आणि स्कॉटिश मंडळींना ते मान्य नाही. मला वाटतं यात स्कॉटिश मंडळींचं बरोबर आहे. 'सिंगल' शब्दाची किंमत त्यांनीच वाढवली, आणि तो वापरायचा तर सगळं काम एका छताखाली व्हायला हवं.

भारतात इंग्लिश माल्ट क्वचितच दिसतात. 24 जुलै 2025 ला सही झालेल्या भारत-ब्रिटन करारात ब्रिटिश व्हिस्कीवरचं आयात शुल्क 150 टक्क्यांवरून आधी 75 आणि दहा वर्षांत 40 टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे, पण राज्यांचे कर वेगळेच. तुम्हाला ही चव आवडली तर गोव्याची पॉल जॉन ओलोरोसो शोधा. बंगळुरूच्या अमृतची इंटरमीडिएट शेरीही मजेदार आहे. ती शेरी पिंपात मधल्या टप्प्यात असते आणि शेवटी पुन्हा बर्बनच्या पिंपात जाते. आपल्याकडच्या उष्णतेत पिंपातून दर वर्षी दहाएक टक्के दारू उडून जाते, इंग्लंडमध्ये साधारण दोन. म्हणून गोव्याची चार-पाच वर्षांची व्हिस्की इथल्या तेवढ्याच वयाच्या व्हिस्कीपेक्षा बरीच पोक्त लागते.

तर फसगत झालेली नाही. बाटली उघडल्यावर पहिला पेग बर्फ आणि सोड्याशिवाय घ्या. पेल्यात नाक घाला. नुकत्याच ओढलेल्या काडीसारखा गंधकाचा वास आला तर घाबरू नका. पिंपं निर्जंतुक करायला गंधक जाळतात, त्याचा तो अंश असतो आणि पेला दहा मिनिटं तसाच ठेवला तर बऱ्याचदा उतरतो. मग चमचाभर पाणी घालून पुन्हा बघा. बाटली उभीच ठेवा, आडवी नको, कारण एवढ्या कडक दारूत बूच कुजतं.